नंदाचे नऊ सापळे

अल्फारेटा
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

श्री. चंद्रशेखर यांस,

नमस्कार. प्रीताकडून तुमचा निरोप कळला. नंदाचे सापळे तुम्हाला शेतावर हवे आहेत. तुम्ही माझा फोन घेत नाही आणि त्याआधी मी तुमचा घेत नव्हतो, म्हणून हे पत्र.

सापळे नऊ आहेत. गॅरेजमध्ये निळ्या झाकणाच्या टबमध्ये नंदा ठेवायची तसेच आहेत. लोखंडाचा वास जावा म्हणून अक्रोडाच्या सालींच्या पाण्यात उकळलेले, वर मेण दिलेले, आणि त्यांच्यावर तिचे रबरी हातमोजे. मी त्यांना हात लावलेला नाही.

फेब्रुवारीत तुम्ही बकऱ्या विकणार, असंही प्रीता म्हणाली. गिऱ्हाईक ठरलं आहे आणि तोवर कायोटींपासून कळप सांभाळायचा म्हणून सापळे हवेत, असं. "बाबा, काका खूप लो वाटले. म्हणाले, आता कुणासाठी ठेवू? जस्ट गिव्ह हिम द ट्रॅप्स ना." मुलगी दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला राहते, तिथून तिला सगळं सोपं दिसतं. "आता कुणासाठी" हे शब्द तुमचेच, की तिनं आपल्या मनानं घातले, हे मी विचारलं नाही. पण ते डोक्यातून जात नाहीत. शेत तुमचं, बकऱ्या तुमच्या. मग हे सगळं तुम्ही माझ्या बायकोसाठी ठेवलं होतं का?

नंदा २९ मे रोजी गेली. मार्चमध्ये कॅन्सर कळला, तेव्हा तो पोटभर पसरलेला होता. मी तुम्हाला कळवलं नाही. प्रीतानं कळवलं, तेव्हा सगळं आटोपून चार दिवस झाले होते.

सापळे द्यायला माझी हरकत नाही. पण आधी एक विचारायचं आहे. एका जागी एकच सापळा न लावता दोन-तीन लावायचे, ही कल्पना कुणाची? नंदा जेवताना सांगायची की कायोटी जोडीनं फिरतात. एकाचा पाय अडकला की दुसरा निघून जात नाही, त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो, म्हणून त्याचा पाय जिथे पडेल तिथे दुसरा सापळा आधीच पुरलेला हवा. "आम्ही ठरवलं" असं म्हणायची. मला "आम्ही" नको आहे. तुमची की तिची, तेवढं कळवा.

जगन्नाथ


रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

श्री. चंद्रशेखर यांस,

तुमचं कार्ड मिळालं. "कल्पना नंदाची. सापळे गेटपाशी ठेवून जा." बस, एवढंच.

वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कल्पना तिची होती आणि घरी येऊन ती "आम्ही" म्हणाली, म्हणजे स्वतःचं श्रेय तिनं आपण होऊन तुमच्याशी वाटून घेतलं. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या बाबतीत तिनं असं केल्याचं मला आठवत नाही. पोळ्या मी लाटल्या असल्या तर पाहुण्यांना आधी सांगायची, "ह्यांनी लाटल्यात हो, म्हणून नकाशे झालेत."

सापळे मी अजून आणलेले नाहीत. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात तुम्ही आमच्या टेबलावर होतात. चांगली नोकरी सोडून, डोंगराकडे चाळीस एकर घेऊन बकऱ्या पाळणारा माणूस, म्हणून सगळे तुम्हालाच विचारत होते. मीही विचारलं, की पिल्लं कोल्हे नेतात का. तुम्ही म्हणालात, "जगन्नाथराव, कोल्हा नाही, कायोटी! लांडग्याचा धाकटा भाऊ. कोल्ह्याला घाबरतात कोंबड्या." टेबल हसलं. नंदा हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही सापळे लावता, तर त्यांना माणसाचा वास लागू नये म्हणून काय करता?"

"हातमोजे घालतो, वहिनी."

"आणि ते हातमोजे कुठे ठेवता?"

"ट्रॅक्टरवर."

"मग तो हातमोजा नाही. डिझेलचा बोळा आहे."

आता ती हसली, आणि तुम्हीही. तीस वर्षं लॅबमध्ये जंतू न लागू देण्याचं काम केलेली बाई. ते काम सुटल्यापासून तिला असं काही विचारावं असं कुणी भेटलंच नव्हतं. त्या शनिवारी ती तुमच्या शेतावर होती. पुढच्या महिन्यात तिनं सापळे लावायचं लायसन्स काढलं.

जॉर्जियात लावलेला सापळा दर दिवशी बघावा लागतो, तसा कायदाच आहे. म्हणजे थंडीभर दररोज सहाला गाडी बाहेर, पन्नास मिनिटं ड्राइव्ह, अकराला परत. मी त्याच वर्षी रिटायर झालो होतो. रिटायर झाल्यावर सकाळचा चहा दोघांनी बसून घ्यायचा, एवढी एकच योजना मी केली होती. तिनं थर्मास घेतला. त्याच्याबरोबर दोन कप न्यायची. मी कप मोजत नसे, पण शेल्फवर दोन जागा मोकळ्या दिसायच्या.

डिसेंबरात "वहिनी"चं "नंदा" झालं. फोन स्पीकरवर होता आणि मी गवार मोडत होतो. "नंदा, दोन! दोन्ही सापळ्यांत!" ती किचनमध्ये टाळ्या वाजवायला लागली. साठीची बाई. मला म्हणाली, "अहो, जोडी मिळाली." मी म्हणालो, "छान." मग तिनं तुम्हाला विचारलं, "शेखर, नर कुठल्यात अडकला, आतल्या की बाहेरच्या?" तेव्हा कळलं, तुम्हीही चंद्रशेखरचे शेखर झाला होतात.

एका सकाळी मी तिच्या मागून आलो होतो. हे तिला कधी सांगितलं नाही. तुमच्या कुंपणाबाहेर, मेलबॉक्सच्या अलीकडे गाडी उभी केली. तुम्ही दोघं गुडघ्यांवर बसला होतात. आठ दिवस मी पिठाची चाळण शोधत होतो, ती तिच्या हातात होती. पुरलेल्या सापळ्यावर ती चाळून माती घालत होती. तिनं हात पुढे केला की तुम्ही हवी ती वस्तू तिच्या हातात देत होतात. ती मागत नव्हती. पंधरा-वीस मिनिटं मी पाहिलं, तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत.

बोलत असता, थट्टा करत असता, तर मी समजलो असतो. घरी आल्यावर मी विचारलं, काय गप्पा झाल्या? ती म्हणाली, "गप्पा कसल्या? काम असतं तिथे." खरंच सांगत होती, आणि तेच मला सहन होईना. आमच्या घरातही बोलणं कमी असायचं, पण ते तसं नव्हतं.

तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तसलं असतं तर मला भांडता आलं असतं.

जगन्नाथ


रविवार, १४ डिसेंबर २०२५

चंद्रशेखर यांस,

प्रीताचा काल फोन आला. तुमची एक गाभण बकरी गेली म्हणाली. आणि तुमचा निरोप, की सापळे द्यायचे नसतील तर स्पष्ट सांगा, मी नवे घेतो. मग स्वतःचं म्हणून तिनं जोडलं, "बाबा, व्हॉट इज युवर प्रॉब्लेम विथ हिम?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "ओके, मग तो नथिंग उचल आणि गाडीत ठेव."

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी सापळ्यांना हात लावलेला नाही. ते बरोबर नाही. गेल्या जानेवारीत आमटीला फोडणी घालता घालता मी गॅरेजमध्ये गेलो होतो. टब उघडा होता. एक सापळा उचलून पाहिला. हाताला हिंग होतं. एकदाच. त्यामुळे काही झालं असेल, तर ते तुम्हाला माहीत असावं.

ते दिवस माझ्या बाजूनं कसे गेले तेही लिहितो, कारण तुम्हाला फक्त तुमची बाजू माहीत आहे. जानेवारीच्या मध्यापासून ती रोज रिकामी येऊ लागली. कायोटी सापळ्याशी येत होते, कडेकडेनं माती उकरत होते आणि सापळा न उडवता उलटा करून टाकत होते. एका जागी तीन लावले तर तिन्ही उकरलेले. ती किचनच्या स्टुलावर बसून म्हणाली, "लोखंडाला वास आहे कुणाच्या तरी हाताचा. माझ्या हाताचा असणं शक्य नाही."

मी पोहे परतत होतो. मी म्हणालो, "मग दुसरं कोण आहे तिथे?"

मी तेवढंच बोललो. तुमचं नाव घेतलं नाही.

२ फेब्रुवारीला तुमच्या पिल्लांच्या वाड्यात कायोटी शिरले आणि सात पिल्लं गेली. त्या दिवशी ती नऊच्या नऊ सापळे गाडीत टाकून घरी आली. बूटसुद्धा काढले नाहीत. "मी त्याला तोंडावर विचारलं. आणि त्यानं साधं नाकारलंही नाही हो! म्हणतो, असेल माझाच हात, डिझेलचा. असेल! वर्षभर शिकवलं मी ह्या माणसाला. सात पिल्लं गेली आणि म्हणतो, असेल. आणि वर म्हणतो, विकूनच टाकतो आता बकऱ्या." तिनं तुम्हाला काय काय सुनावलं, तेही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तुम्ही ऐकलेलं आहे.

तुम्ही "असेल" का म्हणालात, हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. पण मी तिला म्हणालो नाही की एवढं सहज कुणी कबूल करत नसतं, जरा थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी होती. मी आलं घालून चहा केला. खिडकीशी बसून दोघांनी घेतला. ती गप्प होती. मी खूश होतो. हे लिहायला नको, पण लिहितो. असे पाच आठवडे मिळाले. मग तिला चहा नकोसा वाटायला लागला, आणि आम्ही डॉक्टरकडे गेलो.

जगन्नाथ


रविवार, ४ जानेवारी २०२६

चंद्रशेखर,

मागच्या पत्रातलं "एकदाच" खोटं आहे.

मला नंदाचे सापळे तुम्हाला द्यायचे नव्हते. ते तिनं हाताळलेले, तुमच्याकडे गेले की माझ्याकडे त्यातलं काय राहणार? म्हणून ठरवलं की नवे नऊ घ्यावेत, तुमच्या गेटपाशी ठेवावेत आणि विषय संपवावा. शुक्रवारी हायवेवरच्या एका दुकानात गेलो. म्हातारा एकटाच होता. काय धरायचंय, विचारलं. मी म्हणालो, कायोटी. त्यानं सापळे काढले आणि सोबत एक लहान बरणी. "पहिल्यांदा लावताय ना? हे भोकात घाला, समोर. सापळ्याच्या पुढे." त्यानं झाकण उघडलं.

आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच कोटाला येतोय.

"यात काय आहे?"

"बरंच काय काय. पण मुख्य म्हणजे असाफेटिडा. माझे आजोबा घालायचे. तुमच्याकडचाच डिंक आहे, खाता ना तुम्ही लोक? कायोटी अर्ध्या मैलावरून येतो याच्या मागे."

मी विचारलं, हे हिंग भोकात न घालता सापळ्यालाच लावलं तर?

तो हसायला लागला. "मग तो सापळाच उकरून काढील आणि त्याच्यावर मुतून जाईल. वास जिथे, तिथे तो खणणार. आणि एकदा लोखंड ओळखलं की पुन्हा त्याला धरणं विसरा. पण लोखंडाला कोण लावेल? इतका मूर्ख कोण असतो?"

मी सापळे न घेता बाहेर आलो.

आता सगळं सांगतो. नंदा आठवड्याला थोडे थोडे सापळे घरी आणून पुन्हा उकळायची आणि मेण देऊन टबात ठेवायची. रविवारी ती वर बसून प्रीताशी व्हिडिओ कॉल करायची, तासभर तरी. त्या तासात मी कोमट पाण्यात हिंग कालवून, फडक्यानं ते सापळ्यांना पुसत असे. जबड्यांना, स्प्रिंगना, मधल्या पत्र्याला. तीन रविवार. नऊच्या नऊ झाले. आमच्या घरात हिंगाचा वास आला तर कुणाला काय वाटणार? तिच्या नाकाला तो घराचाच वास.

मी असं धरून चाललो होतो की एवढ्या उग्र वासानं जनावर लांब राहील, सापळे रिकामे राहतील आणि ती कंटाळून घरी बसेल. बकऱ्यांचा विचारच केला नव्हता. रिकाम्या सापळ्यानं कुणाचं काय वाईट होणार? प्रत्यक्षात मी त्यांना हाका मारून बोलावलं. तुम्ही वाड्याच्या जवळ एकेका जागी तीन-तीन लावत होतात, म्हणजे तीन-तीन ठिकाणी माझं हिंग. त्यांनी सापळे ओळखायला शिकून घेतले, मग वाड्यात शिरले.

ती सात पिल्लं माझ्यामुळे गेली. परवाची गाभण बकरीही, कारण वाड्याची वाट त्यांना मीच दाखवली आणि सापळेही अडवून ठेवले. तुमच्या हातात काही दोष नव्हता. नंदाच्याही नव्हता.

हे मी तिला सांगू शकलो असतो. फेब्रुवारी ते मे, एकशे सोळा दिवस होते. ती माझ्यासमोर होती आणि तुमच्यावर रागावलेली होती, आणि मला तो राग हवा होता. सांगितलं असतं तर आजारपणातसुद्धा तिनं आधी तुम्हाला फोन लावला असता.

जगन्नाथ


रविवार, १८ जानेवारी २०२६

चंद्रशेखर,

तुमचं पत्र आलं. पहिल्यांदाच पानभर. तुम्ही लिहिता:

"हिंग मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. माझ्या घरात कुणी फोडणी देत नाही, मी ब्रेड खातो, त्यामुळे तो वास मला लगेच येतो. वाटलं, नंदाच्याच हाताला राहून गेला असेल. हातमोज्यावरून एवढी सुनावणारी बाई. तिला हे कळलं असतं तर तिनं पुन्हा सापळ्याला हात लावला नसता. म्हणून डिझेल म्हणालो. वाटलं, चार दिवस चिडेल आणि येईल."

पुढे तुम्ही गाभण बकरीबद्दल लिहिलं आहे, आठ फेब्रुवारीला बकऱ्या न्यायला ट्रक येणार हे लिहिलं आहे. माझ्याबद्दल एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्यात तर मी त्या घेतल्या असत्या.

मी चौतीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो, आणि मी म्हणालो, दुसरं कोण आहे तिथे? तुम्ही तिला सव्वा वर्ष ओळखत होतात, आणि तुम्ही म्हणालात, डिझेल. हे वाचून लाज वाटायला हवी. ती वाटली. पण तिच्या आधी मत्सर वाटला, की तिला काय लागेल हे माझ्याआधी तुम्हाला समजलं. मी सुधारलो आहे असं तुम्हाला वाटू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

शनिवारी सापळे घेऊन येतो. तीनदा उकळले, आधी साध्या पाण्यात, मग सालींच्या. नंदाच्या वहीत कृती आहे, तशीच केली. गेटपाशी ठेवणार नाही. आत येऊन तुमच्या हातात देईन. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल.

आणखी एक उरलं आहे. ते मी ठेवूनच घेणार होतो.

एप्रिलमध्ये तुम्ही दोनदा फोन केलात. तिचा फोन तेव्हा माझ्याकडे असायचा. दोन्ही व्हॉइसमेल मी ऐकले आणि पुसले. दुसऱ्यात तुम्ही फक्त, "नंदा, जुळी झाली," एवढंच म्हणालात आणि मागे पिल्लं ओरडत होती. तिनं दोन-तीनदा विचारलं, "शेखरचा फोन आला का?" मी नाही म्हणालो.

मेच्या विसाव्या तारखेला, दुपारी, ती बरीच सावध होती. पुढच्या खोलीत तिची कॉट लावली होती. नर्स नुकतीच गेली होती. ती मला म्हणाली, "अहो, त्याला एक फोन करा. म्हणावं, डिझेलचा एवढा वास येत असेल तर ट्रॅक्टर विक. बकऱ्या नको विकूस." आणि हसली. दिवाळीच्या त्या टेबलावर हसली होती तशी, फक्त आवाज नव्हता.

मी म्हणालो, करतो. फोन घेऊन बाहेर गेलो, ड्राइव्हवेवर पाच मिनिटं उभा राहिलो आणि आत आलो.

"केलात?"

"केला."

"काय म्हणाला?"

मी म्हणालो, "बरं म्हणाला."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं."

"हं. मग नाही विकणार तो," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. त्यानंतर तिनं तुमचा विषय काढला नाही. चिंताही केली नाही. नऊ दिवसांनी गेली.

तेव्हा तुमच्या नावानं तिला शब्द दिला गेला आहे, आणि ती तो खरा धरून गेली आहे. तुम्ही तो दिलेला नाही, मी दिला आहे. ट्रकवाल्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

जगन्नाथ